कांद्याची नोंद झाली, खांद्याची राहिली

अस्थिरोग शल्यचिकित्सक मित्रमैत्रिणींनो,

अलिबागेत तुम्हां सर्वांचं स्वागत. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरलेले असोत की वडखळच्या कोंडीतून तावून-सुलाखून आलेले, आम्हां यजमानांना सगळे सारखेच.

आमच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कांद्याची नोंद झाली, खांद्याची राहिली. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत खांद्याच्या जोरावर जगणारी माणसं आहेत. जाळं ओढणारे, सुपारीच्या झाडावर चढणारे, डोक्यावरची मासळीची पाटी सावरणाऱ्या कोळणी. "डॉक्टर, हात वरती जात नाय," म्हणत ती येतात, तेव्हा रोटेटर कफ बहुधा बराच आधी फाटलेला असतो.

एमआरआय आपण बारकाईनं पाहतो. चीर केवढी, कंडरा किती मागे सरकली, स्नायूत चरबी किती भरली. पण ज्या हाडात अँकर बसवायचा ते कसं आहे, हे पुष्कळदा अँकर आत जाताना हातालाच कळतं! २०११ साली दक्षिण कोरियातल्या चुंग, ओह आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून दुरुस्ती केलेल्या २७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास २३ टक्के रुग्णांत कंडरा हाडाशी जुळली नव्हती, आणि त्यामागच्या स्वतंत्र कारणांत हाडाची कमी घनता होती. आपली डेक्सा सांगते ती मणक्याची आणि खुब्याची घनता. वजा अडीचचा टी-स्कोअरही तिथलाच. फाटलेल्या कफखालचं हाड वापराअभावी त्याहून विरळ झालेलं असू शकतं. म्हणून डेक्सा चांगली आली तरी निर्धास्त होऊ नये, असं माझं मत.

त्यात आमचं कॅलेंडर वेगळं. मासेमारी बंद १ जून ते ३१ जुलै. "बंदीत उरकून टाका," असं मच्छीमार म्हणतो. सहा आठवडे पट्ट्यातच जातात, जोराच्या कामाला पाच-सहा महिने हवेत. हा गडी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून बोटीवर. दुखणं कमी झालेलं असतं, त्यामुळे तो परत येत नाही, आणि आपण त्याला बरा झालेल्यांत धरतो. दुखणं थांबलं म्हणजे कंडरा जुळली असं नव्हे, हे इथं कुणाला सांगायला नको.

हे नोंदींशिवाय दिसत नाही. याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि त्या 'लॅन्सेट'पर्यंत पोहोचवल्या. आपल्यापाशी तर संगणक आहेत.

खांद्याच्या नोंदीसाठी तुमच्या पिशवीत एकपानी तक्ता आहे. वय, काम, डेक्सा, ड जीवनसत्त्व आणि वर्षानंतरची सोनोग्राफी, एवढंच भरायचं. तो कसा चालवायचा यावर उद्या दुपारी बसू. किनाऱ्यावरच्या मंडळींनी तरी आधी निघू नये. आज रात्री पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेलं जेवण, आहे. सात वाजता मडकी पेटवू, शाकाहारींचं मडकं वेगळं आहे.