उडत्या जहाजावरचा आखाडा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सूचनाफलकावर आजचा विषय वाचून काही काका-आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आमच्या कानावर आलं आहे. गणेशोत्सवातलं व्याख्यान म्हटलं की संतवाङ्मय, इतिहास, मधुमेह, फार तर मृत्युपत्र कसं करावं. तिथे व्हिडिओ गेममधलं अंतराळयान कुठून आलं?

ते आलं एका अर्जातून. समाजातल्या मुलांनी कार्यकारिणीला लेखी विनंती केली आहे की रांगोळी, पाठांतर आणि पाककृती यांच्या जोडीला पुढच्या वर्षी व्हिडिओ गेमची एक स्पर्धा ठेवावी. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, बाप्पासमोर मारामारीचे खेळ नकोत. दुसरा म्हणतो, निदान त्या निमित्ताने मुलं सभागृहात तरी येतील. अर्ज अजून टेबलावर आहे. आम्ही मधली पिढी. चाळिशीतली, पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत लागलेली, मोठ्यांशी मराठीत आणि मुलांशी नकळत हिंदीत बोलणारी. तेव्हा ठरवलं की निर्णय व्हायच्या आधी, ज्याबद्दल निर्णय घ्यायचा ती वस्तू काय आहे हे सर्वांसमोर मांडावं.

मुलांनी अर्जात ज्या खेळाचं नाव दिलं आहे तो आहे ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’. जपानच्या निन्तेंदो कंपनीसाठी हाल लॅबोरेटरी या संस्थेत मासाहिरो साकुराई यांनी तो घडवला आणि जानेवारी १९९९ मध्ये तो जपानमध्ये बाजारात आला. या खेळाची गंमत अशी की यातले लढवय्ये वेगवेगळ्या खेळांतून आलेले आहेत. मारिओ नावाचा मिशाळ प्लंबर एका खेळातला, पिवळा पिकाचू दुसऱ्यातला, अंतराळयान चालवणारा फॉक्स नावाचा कोल्हा तिसऱ्यातला. पहिल्या वर्षी असे बारा जण होते, आता ऐंशीच्या वर आहेत. हे विचित्र वाटत असेल तर आपले देखावे आठवा. एका बाजूला अफझलखानाचा वध, दुसऱ्या बाजूला कालियामर्दन, मध्ये बाप्पा. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि महिनाभरात आलेल्या गणेशोत्सवात ठिकठिकाणी बाप्पा यानासोबत बसले. निरनिराळ्या कथांतली पात्रं एका मंचावर आणायला आपल्याला जपान्यांनी शिकवलेलं नाही.

आता खेळाचा नियम. मारामारीच्या बहुतेक खेळांत पडद्याच्या वर शक्तीची पट्टी असते. मार बसला की ती कमी होते, संपली की हरलात. मागचं दृश्य केवळ शोभेचं. या खेळात तशी पट्टी नाही. मार बसला की टक्के वाढत जातात, आणि टक्के जितके जास्त तितका तुम्ही पुढच्या फटक्याला लांब फेकले जाता. हरता कधी, तर मंचाच्या बाहेर पार फेकले गेलात की. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट. जपानच्या सुमो कुस्तीत मात्र सुमारे साडेचार मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल पडलं तरी कुस्ती संपते. हा खेळ त्या सुमोच्या जवळचा आहे. इथे जमीन सोडली की गेलात. त्यामुळे जमीन कशी आहे, तिला कड कुठे आहे, ती सपाट आहे की कललेली, याला प्रतिस्पर्ध्याइतकंच महत्त्व येतं.

साकुराई आणि त्यांच्या चमूने ही जमीन थेट अंतराळयानावर नेली. पहिल्याच खेळात ‘सेक्टर झेड’ नावाचा मंच आहे. फॉक्सचं ‘ग्रेट फॉक्स’ हे मोठं जहाज अंतराळातून चाललं आहे आणि लढत होते त्याच्या पाठीवर. मधूनच छोटी लढाऊ विमानं येऊन गोळ्या झाडतात आणि दोन्ही पैलवानांना आपलं भांडण विसरून पळावं लागतं. २००१ च्या दुसऱ्या खेळात तेच जहाज ‘कॉर्नेरिया’ नावाच्या शहरावरून उडतं. पाठीवर उंच कल्ला आहे, खाली तोफा आहेत आणि त्या तोफा खरोखर उडतात. २००८ च्या तिसऱ्या खेळात ‘लायलॅट क्रूझ’ हा मंच आला. त्यातलं जहाज लघुग्रहांमधून, चाललेल्या युद्धामधून वाट काढतं, आणि वळताना डावी-उजवीकडे कलतं. त्याच खेळात ‘फ्रिगेट ऑर्फिऑन’ नावाचं आणखी एक यान आहे. त्यावर भोंगा वाजतो आणि सगळा मंच उलटापालटा होतो. खालचं वर, वरचं खाली.

आता एक प्रश्न आमच्या मुलांना आम्ही विचारला, तोच तुम्हालाही विचारतो. जहाज एवढ्या वेगाने पुढे चाललं आहे, मग त्यावर उडी मारणारा माणूस मागे का राहत नाही? जिथून उडाला तिथेच कसा उतरतो?

मित्रहो, हा प्रश्न आपल्या उज्जैनचा आहे, आणि तो सुमारे दीड हजार वर्षं जुना आहे. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात आर्यभटाने सांगितलं की तारे स्थिर आहेत, पृथ्वी फिरते. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरची स्थिर झाडं मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टान्त. त्यानंतर आपल्या अवंतीच्याच वराहमिहिराने त्यावर हरकत घेतली. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येते? म्हणजे मुलांना विचारलेला प्रश्न हाच वराहमिहिराचा प्रश्न. उत्तर नंतरच्या शास्त्राने दिलं. पक्षी उडतो तेव्हा जमिनीचा वेग त्याच्या अंगात आधीच असतो. रेल्वेच्या डब्यात उडवलेलं नाणं आपल्याच हातात पडतं, त्याचंही कारण हेच.

खेळ बनवणाऱ्यांनी मात्र सोपी युक्ती केली आहे. त्यांचं जहाज जागचं हलतच नाही. मागचं आकाश तेवढं सरकतं. जवळच्या वस्तू भरभर मागे नेतात, दूरच्या हळू, अगदी दूरच्या जवळजवळ स्थिर. इंदूरच्या गाडीत खिडकीशी बसा. रुळालगतचे खांब सपासप जातात, शेतं सावकाश, आणि चांदोमामा तर सोबतच चालतो. डोळ्याला वेग कळतो तो असा. आर्यभटाचा दृष्टान्त मुलांच्या हातातल्या यंत्रात रोज चालू असतो. फरक एवढाच की पडद्यावर दिसतं ते आर्यभटाचं जग, आणि यंत्राच्या आत असतं ते वराहमिहिराचं. जमीन स्थिर, आकाश फिरतं.

उडणाऱ्या वाहनाचा रंगमंच करणंही या नगरीला नवीन नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा सातवा अंक आठवा. दानवांशी लढून राजा दुष्यंत इंद्राच्या रथातून, सारथी मातलीसह आकाशातून खाली उतरतो आहे. संस्कृत रंगभूमीवर यंत्रसामग्री कुठली? रथही अभिनयाने दाखवायचा. मग कालिदासाने काय केलं? राजाच्या तोंडून बाहेरचं दृश्य सांगितलं. रथ ढगांवरून जातोय म्हणून चाकाच्या धारेवर पाण्याचे थेंब आहेत. पर्वत वर येताहेत आणि पृथ्वी जणू त्यांच्या शिखरांवरून खाली उतरते आहे. रथ टेकला तरी चाकांचा आवाज नाही, धूळ नाही. नट जागच्या जागी उभा, आणि सरकतं ते सभोवतालचं जग! पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक मराठीत आणलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि आपल्या संगीत रंगभूमीची घडी बसली. उज्जैनचा कवी, पुण्याचं नाटक. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या घरांना हे नातं निराळं सांगायला नको. जयसिंहाच्या इथल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये झाला, तो माधवराव शिंद्यांनी करवला आणि तिथे काम पाहिलं गोविंद सदाशिव आपटे यांनी. आकाश कसं सरकतं हे मोजण्यातही आपली माणसं होती.

आता कललेल्या जमिनीकडे येऊ, कारण स्पर्धेचा खरा वाद तिथे आहे. आमच्यातले बरेच जण स्थापत्यवाले. ओळंबा, ज्याला इथले मिस्त्री साहुल म्हणतात, आणि लेव्हलची पाण्याची नळी यांच्यावर आमची भाकरी. फरशीला चुकीचा उतार राहिला की पाणी कुठे जातं ते आम्हाला विचारा. लायलॅट क्रूझचा मंच कलतो तेव्हा तसंच होतं. सरळ सोडलेला बाण जमिनीत घुसतो किंवा समोरच्याच्या डोक्यावरून जातो. बाहेर फेकला गेलेला गडी कडेला परत यायला बघतो आणि नेमकी कड खालीवर झाल्यामुळे जहाजाच्या बुडाखाली अडकतो. हरतो तो, आणि त्यात समोरच्याचं कसब काहीच नसतं. गंभीरपणे खेळणाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं तक्रार केली. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ‘अल्टिमेट’ या खेळात त्यावर तोडगा निघाला. मंचावरची संकटं बंद करण्याची सोय दिली. ती बंद केली की तेच जहाज, तेच आकाश, पण जमीन सपाट.

आमच्या मुलांमध्ये यावरून कडाक्याचं भांडण आहे. धाकटी म्हणतात, जहाज हललं नाही तर मजा काय? थोरली म्हणतात, हललं तर न्याय काय? हे भांडण आम्ही कौतुकाने ऐकलं. पोरं मारामारीबद्दल बोलतच नव्हती. स्पर्धेची जमीन सर्वांना सारखी असावी की नाही, हा त्यांचा विषय होता. तालमीत माती सारखी का करतात, कबड्डीची रेघ पुन्हा पुन्हा का मारतात, हे ज्याला कळलं त्याला खेळ कळला.

ज्येष्ठांची एक भीती रास्त आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या नादात घरं बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सना मात्र मान्यता दिली. म्हणजे जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हा भेद आता कायद्यातही आहे. आपण जी स्पर्धा म्हणतो आहोत तिच्यात पैसा लावायचा नाही, समोरासमोर बसून खेळायचं आहे, आणि दिव्याची वेळ झाली की यंत्र बंद करून आरतीला उभं राहायचं आहे.

कार्यकारिणीपुढे आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, स्पर्धेच्या दोन फेऱ्या ठेवाव्यात. लहानांची हलत्या जहाजावर, मौजेची. मोठ्यांची सपाट जमिनीवर, निकालाची.

दुसरी, प्रत्येक लढतीचं समालोचन मुलांनी मराठीत करायचं. आमच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचं. आमच्या घरांत मुलांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. त्यांना जे सांगायची घाई असते ते सांगायला मराठी शब्द हाताशी नसतात. झेप, हुलकावणी, पेच, तोल, कड, कलणं, सावरणं, हे सगळे शब्द आजोबांच्या तालमीच्या बोलण्यात आहेत. नातवाला ते हवे असतील तर त्याला आजोबांकडे जावं लागेल. पाठांतर स्पर्धेने जे साधत नाही ते कदाचित याने साधेल.

तिसरी, मुलांनी कागदावर उज्जैनचा एक मंच आखून आणावा आणि तो स्मरणिकेत छापावा. साकुराईंनी या खेळाचा पहिला कच्चा नमुना केला, तेव्हा त्याला नाव दिलं ते त्यांच्या कंपनीजवळच्या र्‍यूओ या गावाचं, आणि त्याच्या संगणकीय आज्ञा लिहायला खुद्द कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता बसले. जगभर गेलेला खेळ गावापासून सुरू झाला. आपल्याकडेही हे होतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा खेळ काढला आणि तो त्याच निन्तेंदोच्या यंत्रावर चालला. मग क्षिप्रेचा घाट, वेधशाळेचा जिना, सिंहस्थात उभारतात तसा नावांचा डोलता पूल, यांवर लढत का आखू नये? पूर आला की खालची पायरी बुडते, पाणी ओसरलं की पुन्हा मिळते. असा मंच उज्जैनच्या पोराला जितका चांगला सुचेल तितका दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

ज्येष्ठांना एकच विनंती. स्पर्धा ठेवा वा ठेवू नका, पण मतदानाआधी एक लढत नातवाच्या शेजारी बसून पाहा आणि त्याला विचारा, की बाळा, जहाज चाललंय की आकाश? तो काय उत्तर देतो ते ऐका. आणि मग अर्जावर मत द्या.

प्रसादाची व्यवस्था मागच्या दालनात आहे.

गणपती बाप्पा मोरया!