काठावरचं नाव

आरमोरीच्या रानात ऐनाच्या फांदीला देठाने लटकलेला रानरेशमाचा कोसा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लहान अंड्याएवढा, टणक, मातकट पिवळा. अळी ऐन-अर्जुनाचा पाला खात असते, तेव्हा ढिवर समाजाची माणसं पाखरांपासून, मुंग्यांपासून तिला राखत दिवसभर रानात असतात. मग कोसे उकळायचे, मऊ करायचे आणि बायांनी मांडीवर पीळ देत त्यांचा धागा काढायचा, ही जुनी रीत.

या धाग्याचं एक दूरचं नातं आज सांगायचं आहे.

फ्रान्समधल्या बायो गावचा अकराव्या शतकातला एक भरतकामाचा पट्टा आहे. सुमारे ७० मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. लिननच्या कापडावर रंगीत लोकरीने १०६६ सालची इंग्लंडवरची स्वारी त्यावर भरली आहे. घोडे, गलबतं, आकाशातला शेपटीचा तारासुद्धा. जग त्याला टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेलं चित्र म्हणतं. खरं तर ते सुईचं काम आहे. आता त्यातले प्रसंग जॅकार्ड मागावर विणले जातात आणि बैठकीच्या भिंतीवर टांगले जातात.

मला मोलाची वाटते ती मात्र सुईनेच केलेली एक नक्कल. इंग्लंडमधल्या लीक गावी एलिझाबेथ वॉर्डल यांनी १८८५ मध्ये ती हाती घेतली. सुमारे ३५ बायकांनी मिळून १८८६ मध्ये सबंध पट्टा भरून काढला. त्यासाठी लोकर रंगवून दिली एलिझाबेथबाईंचे पती टॉमस वॉर्डल यांनी. आपल्या कोशाचा धागा रंग सहज धरत नाही. तो रंगवण्याची रीत बसवण्यासाठी वर्षानुवर्षं खपलेले रंगारी ते हेच. भारतातल्या रानरेशमांवर त्यांनी १८८१ मध्ये पुस्तकही लिहिलं.

त्या बायकांनी आणखी एक गोष्ट केली. जिने जो भाग भरला, त्याच्या खाली तिने आपलं नाव टाक्यांनी काढलं. मूळ पट्टा कोणाच्या हातचा, हे आज कोणी सांगू शकत नाही. नकलेवर मात्र नावं आहेत, आणि रेडिंगच्या संग्रहालयात आजही ती वाचता येतात.

आता कोशाच्याच धाग्याची आपली करवतकाठी साडी डोळ्यांपुढे आणा. अंगाचा रंग वेगळा, काठाचा वेगळा. तीन धोटे चालवून दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवायचे, तेव्हा कुठे काठाला करवतीचे दाते येतात. इतकं कसब, पण विणणाऱ्याचं नाव साडीवर कुठेच नसतं.

कोशाच्या धाग्यात भिंतीसाठीही चित्रं विणली जावीत, असं मला मनापासून वाटतं. मार्कंड्याच्या देवळातली शिल्पं त्यासाठी आपल्याजवळच आहेत. मात्र ज्याने विणलं त्याचं, आणि जिने धागा काढला तिचंही नाव त्या चित्राच्या काठात यावं. तोवर आपण एवढं तरी करू या: कोशाचं कापड घेताना भावाआधी विचारू या, हे कोणी विणलं?