डेलियाचं बी, आणि उपटलेली चार रोपं

आज कोडबिड काही नाही, आज डेलिया.

झालं असं, की आमच्या पुण्याच्या गच्चीवर लाल भोपळ्याचा वेल होता, पण माश्याच फिरकायच्या नाहीत. इवलेसे भोपळे धरायचे, पिवळे पडून गळायचे. आजी रोज सकाळी नरफूल तोडून मादीफुलावर घासत बसायची. मी म्हटलं, थांब, माश्यांना बोलावतोच. आणि ऑक्टोबरमध्ये डेलियाचं बी आणलं. पाकिटावर फोटो कसला, तर पाकळ्यांनी गच्च भरलेलं, ताटलीएवढं फूल.

बी कोकोपीटमध्ये वरवरच पेरलं, आठवड्याभरात रोपं वर. पानांच्या चार जोड्या आल्यावर शेंडे खुडले. जीव जातो खुडताना, पण फांद्या त्यामुळेच फुटतात. जानेवारीत फुलं आली. बारा रोपांपैकी आठ एकेरी! मध्ये पिवळी चकती, भोवती पाकळ्यांची एकच रांग. मला वाटलं, फसवलं आपल्याला. चार रोपं तिथल्या तिथे उपटली.

आजी म्हणाली, "अरे, माश्या कुठे बसतात ते तरी बघ, मग उपट."

रविवारी चहा घेऊन बसलो. भरगच्च फुलावर माशी यायची, एक चक्कर मारून निघून जायची. एकेरी फुलावर मात्र फुलोरी माश्या, सातेरी, सगळ्या बसलेल्या, पायाला परागाचे पिवळे गोळे. मग वाचलं तेव्हा कळलं, आपण ज्याला एक फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ असतो. मधली चकती म्हणजे पुष्कळ बारकी फुलं, पराग आणि मध तिथेच. गच्च डेलियात त्या बारक्या फुलांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. म्हणजे हॉटेलचा बोर्ड चकाचक, आत किचनच नाही!

आणि फसवलं वगैरे काही नव्हतं. कंद लावला तर आधीच्या झाडाची कॉपी-पेस्ट. बियाचं तसं नाही. माणसात गुणसूत्रांचे दोन संच, बागेतल्या डेलियात आठ. एवढे पत्ते पिसल्यावर कुठला डाव येईल, सांगता येत नाही. मेक्सिकोत, जिथून डेलिया आली, तिथे रानातली डेलिया एकेरीच असते.

आता मी एकेरी रोपांचंच बी धरतो. एक गंमत सांगतो, कळी आणि पाकळ्या गळलेलं बोंड सारखंच दिसतं. कळी गोल चपटी, बोंड टोकदार. पहिल्या वर्षी मी कळ्याच कापत होतो! बोंड झाडावरच तपकिरी होऊ द्यायचं. मावा पडला तर साध्या पाण्याचा फवारा, फुलांवर औषध अजिबात नाही.

गेल्या वर्षी सहा भोपळे निघाले, आजीने हात न लावता. भोपळ्याचे घारगे करताना तिने विचारलंच, "ती चार असती तर किती झाले असते रे?"