दार उघडं ठेवून

आम्ही वडिवळ्याच्या बचत गटाच्या बाया. आज हप्ता नाही, कर्ज नाही. आज बोलायचंय ते बाईच्या शांत वेळेबद्दल.

ख्रिस्ती घरांत रोज थोडं बायबल वाचायचं आणि प्रार्थना करायची अशी रीत असते. आमच्या ओळखीच्या एक ताई ती पाळतात. त्या म्हणतात, मी पुस्तक उघडलं की घरच्यांना वाटतं ही आता रिकामी झाली. लगेच कुणाला चहा लागतो, कुणाचा मोजा सापडत नाही. आम्ही बाकीच्या हसलो, कारण हरिपाठाला बसणाऱ्या आमच्या सासूबाईंचंही तेच. पुरुषानं पोथी धरली तर घर हळू बोलतं, बाईनं धरली तर घर तिलाच हाक मारतं.

या एवढ्याशा वेळेवरून आपल्या पुण्यात एकदा मोठं वादळ उठलं होतं. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म 1858 चा. वडिलांकडून आणि आईकडून संस्कृत शिकलेल्या. आईवडील दुष्काळात गेले, पुढे नवराही गेला, पदरात मनोरमा नावाची लहान मुलगी. 1883 मध्ये इंग्लंडात असताना त्या ख्रिस्ती झाल्या. परत आल्यावर 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं कुणावर धर्माची सक्ती करायची नाही, असं ठरलेलं होतं. मुली आपापली पूजाअर्चा करत, सोवळं पाळत.

रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. हळूहळू काही मुली येऊन बसायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पण गावात बोभाटा झाला. केसरीनं टीका केली. म्हणणं असं, की दार तरी बंद करा! रमाबाई काही ऐकेनात. मुलींना त्यांची पूजा मोकळेपणानं करता येते, तर माझी प्रार्थना मी का लपवू, हा त्यांचा मुद्दा. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार राजीनामा देऊन बाजूला झाले. काही पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची भीती अगदीच खोटी होती, असं आम्ही म्हणणार नाही. विश्वासानं लेक ठेवायची आणि ती दुसऱ्या वाटेनं गेली तर, ही काळजी कुठल्याही आईला कळेल. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याही. पण संस्था मोडायची वेळ आली तरी रमाबाईंनी ती सकाळची बैठक सोडली नाही, हेही तितकंच खरं. आपण तर मोजा सापडत नाही म्हणून उठतो.

नंतर त्या दौंडच्या अलीकडे केडगावला गेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो बायका-मुली तिथं आणल्या. तेच मुक्ती मिशन. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की मराठी बायबलची भाषा संस्कृत वळणाची, साध्या बाईला न समजणारी. शांत बसायला वेळ मिळाला आणि पुढ्यातलं पुस्तकच कळलं नाही, तर काय उपयोग? म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल सोप्या मराठीत लिहायला घेतलं. केडगावातच छापखाना होता, खिळे जुळवायला तिथल्याच बायका. वर्षानुवर्षं हे काम चाललं. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं ते 1924 मध्ये.

आता आपल्यापुरतं. त्या ताईंनी काय केलं ते सांगतो, कारण ते कुणालाही करता येईल. आधी त्या रात्री वाचत, पण दोन ओळींत डोळा लागे. मग पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी बसायला लागल्या. येशूही पहाटे अंधारात उठून एकटा प्रार्थनेला जाई, असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. ते शुभवर्तमान चारांत सगळ्यांत लहान, 16 अध्यायांचं. रोज एक म्हटलं तरी सोळा दिवसांत उरकतं, म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली. नंतर स्तोत्रं घेतली. ती 150 आहेत, रोज एक म्हणजे पाच महिने. स्तोत्रांत रडणं, भांडणं, देवाला जाब विचारणं सगळं आहे, त्यामुळे मनात राग असला तरी बसता येतं, असं त्या म्हणतात. प्रार्थनेत आधी गप्प बसायचं, मग आभार, मग मागणं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि घरात एकदाच स्पष्ट सांगून टाकलं, की ही पंधरा मिनिटं मला हाक मारू नका. पहिले आठ दिवस मारली. मग नवराच उठून चहा ठेवायला लागला.

भातलावणीत मात्र हे जमत नाही. पहाटेच चिखलात उतरावं लागतं. तेव्हा त्या एकच स्तोत्र पाठ करून घेतात आणि रोपं लावताना मनातल्या मनात म्हणतात. बांधावर पोचल्या की पुढची ओळ.