ओलिसांवर उभं राहिलेलं साम्राज्य



१४६९ साली आपल्या चौल बंदरात एक रशियन व्यापारी उतरला. त्याचं नाव अफनासी निकितीन. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरला पावसाळा काढून तो पुढे बीदरला गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, आपल्यापैकी काहींनी ते पाहिलंही असेल. निकितीन त्वेरचा, आणि त्वेर तेव्हा मॉस्कोच्या ताब्यात नव्हतं. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. पुढे १४८५ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने त्वेर घेतलं. त्याआधी १४७८ मध्ये नोवगोरोद घेतलं होतं. नगरसभेला लोकांना बोलावणारी तिथली घंटा उतरवून मॉस्कोला नेली गेली.

चौथ्या इव्हानने १५४७ मध्ये झार म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. १५५२ मध्ये कझान आणि १५५६ मध्ये अस्त्राखान ही व्होल्गाकाठची राज्यं पडली, आणि कास्पियन समुद्रापर्यंतची ती नदी मॉस्कोची झाली. आता पूर्वेची वाट उघडी होती. मला आज बोलायचं आहे ते मुख्यतः या वाटेबद्दल.

सैबेरियात कोसॅक, म्हणजे रशियाच्या सीमेवरचे लढवय्ये, गेले ते सेबलच्या मागे. हा मुंगसाच्या चणीचा प्राणी. त्याच्या मऊ, काळसर कातड्याला युरोपात मोठी किंमत यायची. मिठाच्या व्यापारात गबर झालेल्या स्त्रोगानोव घराण्याच्या आश्रयाने येर्माक नावाच्या कोसॅकाने उरल पर्वत ओलांडला आणि १५८२ मध्ये तिथल्या कुचुम खानाची राजधानी घेतली. तीन वर्षांनी तो इर्तिश नदीत बुडाला, पण वाट बुजली नाही. ओब, येनिसेई, लेना या नद्या उत्तरेला वाहतात, तरी त्यांच्या उपनद्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. एका नदीचं खोरं संपलं की होड्या जमिनीवरून ओढत न्यायच्या आणि पुढच्या नदीत लोटायच्या. मोक्याच्या जागी लाकडी गढी बांधायची. तोबोल्स्क १५८७, तोम्स्क १६०४, याकूत्स्क १६३२. १६३९ मध्ये इव्हान मॉस्क्वितिनची तुकडी ओखोत्स्कच्या समुद्रावर पोचली. साठ वर्षांच्या आत चार हजारांहून अधिक किलोमीटर!

पाठ्यपुस्तकात इथे धाडसाची गोष्ट संपते. आपण गढीच्या आत डोकावू या. आसपासच्या जमातींतल्या पुरुषांवर दरवर्षी कातड्यांची खंडणी बसवलेली असे. तिला ‘यासाक’ म्हणत. रानोमाळ फिरणाऱ्या माणसांकडून ती वसूल कशी करायची? मूठभर कोसॅकांनी उपाय काढला. जमातीच्या प्रमुखाचा मुलगा किंवा भाऊ गढीत डांबून ठेवायचा. खंडणी घेऊन नातेवाईक आले की तो जिवंत आहे एवढं त्यांना दाखवायचं. अशा ओलिसाला रशियन कागदपत्रांत ‘अमानात’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? अरबीतला हाच शब्द ‘अमानत’, आणि आपल्या तोंडी तोच ‘अनामत’ झाला. आपण बँकेत रक्कम अनामत ठेवतो. तिथे घरातला पोर अनामत होता.

एका खोऱ्यातले सेबल संपले की पुढचं खोरं, पुढची गढी, नवे ओलीस. झार मॉस्कोत बसून नकाशा आखत होता आणि त्याबरहुकूम राज्य वाढत होतं, असं मला वाटत नाही. राज्याला पुढे ओढलं ते कातड्याने. झारचा अधिकारी कोसॅकांच्या मागोमाग पोचला आणि वसुलीची वही उघडून बसला.

बाहेर जमीन वाढत असताना घरातला शेतकरी मात्र बांधला जात होता. १६४९ च्या कायद्याने पळालेल्या कुळाला कितीही वर्षांनी पकडून आणण्याची मुभा जमीनदाराला मिळाली. पुढे झार पीटरच्या फौजेत भरती झालेला शेतकरी जन्मभराचा शिपाई होई. त्याच फौजेच्या बळावर स्वीडन हरलं आणि १७२१ मध्ये पीटरने सम्राट ही पदवी घेतली. सम्राज्ञी कॅथरीनने १७८३ मध्ये क्रिमिया खालसा केला. त्याच वर्षी तिच्या हुकुमाने युक्रेनमधल्या नीपर नदीच्या डाव्या तीरावरचे शेतकरी जमीनदारांशी कायमचे जखडले गेले. व्होल्तेरशी पत्रव्यवहार करणाऱ्या या बाईंना इतिहास ‘महान’ म्हणतो. मला तो शब्द मान्य नाही.

सैबेरियातले सेबल विरळ झाल्यावर, अठराव्या शतकात, कातड्यांचे व्यापारी समुद्र ओलांडून अल्यूत बेटांवर गेले. शिकार आता समुद्री पाणमांजराची होती, पद्धत मात्र जुनीच. बायका-मुलं ओलीस ठेवायची आणि पुरुषांना कातडी होड्यांतून समुद्रावर धाडायचं. तेही पाणमांजर कमी झालं, आणि इतक्या दूरचा मुलूख राखणं सरकारला जड वाटू लागलं. १८६७ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने या बेटांसह अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकली. तो सौदा करताना बेटांवरच्या अल्यूत लोकांना कुणीही विचारलं नाही.