अदमास आणि प्रचीती
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



जड अणुगर्भांचा संयोग हा माझा विषय. सातवी शिकलेल्या बाईने यावर बोलावे काय, असे काही जणींच्या मनात आले असेल. मला वाटते, जरूर बोलावे. जे समजून घेता येते, ते चारचौघींत सांगताही येते.

अणूच्या पोटात इवलासा गाभा असतो, तो अणुगर्भ. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे कण असतात. प्रोटॉन किती, यावरून मूलद्रव्य ठरते. जस्तात ३०, बिस्मथात ८३. दोन्ही गर्भ एक झाले, तर ११३ प्रोटॉनांचे नवे मूलद्रव्य तयार व्हावे. बेरीज सोपी, घडवणे मात्र महाकठीण.

अळूच्या पानावरचे दोन थेंब जवळ आले की चटकन एक होतात. शास्त्रज्ञही अणुगर्भाला थेंबाचीच उपमा देतात. परंतु हे थेंब विद्युत्भारामुळे एकमेकांना दूर लोटतात. म्हणून एकाला सेकंदाला सुमारे ३० हजार किलोमीटर वेगाने दुसऱ्यावर धाडावे लागते. वेग कमी पडला तर भेट होत नाही. जास्त झाला तर नवा गर्भ तापून फुटतो.

मग वेग किती ठेवावा? येथे गणित मांडणाऱ्यांचे काम सुरू होते. त्यांचे प्रश्न तीन. गर्भ एकमेकांना भिडतील काय? भिडल्यावर एकजीव होतील, की तसेच विलग होतील? आणि एकजीव झालेला गर्भ न्यूट्रॉन बाहेर टाकून निवेल, की दुभंगेल? तिन्ही शक्यतांचा गुणाकार करायचा. समजा, प्रत्येक पायरीवर दहांत एकच तरला, तर अखेरीस हजारांत एक उरतो. प्रत्यक्षात हे प्रमाण याहून फारच लहान आहे. मधल्या प्रश्नाची तर निरनिराळ्या गणितांची उत्तरे अजून जुळत नाहीत.

जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली बिस्मथावर जस्ताचा मारा सुरू केला. २००४ साली एक अणू मिळाला, २००५ साली दुसरा. मग सात वर्षे काहीच नाही! तिसरा मिळाला २०१२ साली. २०१६ साली या मूलद्रव्याला ‘निहोनियम’ हे नाव मिळाले.

आता दुसरी बाजू ऐका. क्रिप्टॉन आणि शिसे यांचा संयोग बराच सुलभ असावा, असे एका गणिताने सुचवले होते. १९९९ साली अमेरिकेत बर्कले येथून ११८ वे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर झाले. इतर देशांनी प्रयोग करून पाहिला, पण काही हाती लागेना. २००१ साली तो दावा मागे घ्यावा लागला. पुढे चौकशीत आकडेच बनावट निघाले. ते मूलद्रव्य नंतर रशियात दुबना येथे, कॅल्शियम आणि कॅलिफोर्नियम यांच्या संयोगातून मिळाले.

कोणी विचारील, तीन अणूंनी कोणाचे पोट भरले? कोणाचेच नाही. परंतु अदमास वाट दाखवतो, साक्ष देत नाही, हे यातून शिकण्यासारखे आहे. हवे ते उत्तर लिहून टाकणे सोपे. सात वर्षे ‘आज काही नाही’ असे खरे लिहिणे अवघड.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन नावाचे यंत्र आहे. तेथेही जड गर्भांच्या संयोगाचा अभ्यास झाला आहे. तेव्हा घरातल्या मुलीला गणिताची गोडी असेल, तर तिला कामाला हाक मारण्यापूर्वी थोडे थांबा. तिचे उदाहरण पुरे होऊ द्या.