स्वमग्नता आणि भोवतालाची जबाबदारी

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील अशी भिन्नता आहे की तिच्यामुळे संवाद साधण्याची, माणसांत वावरण्याची आणि ज्ञानेंद्रियांकडून येणारी माहिती ग्रहण करण्याची व्यक्तीची रीत बहुसंख्यांहून वेगळी ठरते. बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि या भिन्नतेच्या अभ्यासाला दिशा मिळाली. परंतु पुढे आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, हा निराधार समज पाश्चात्त्य मानसोपचारात मान्यता पावला आणि असंख्य मातांच्या माथी नसलेला दोष मारला गेला. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या ग्रंथात तो खोडून काढला, तरी ‘आई नोकरी करते ना, म्हणून’ या रूपात तोच आरोप मराठी घरांत आजही ऐकू यावा, ही खेदाची गोष्ट होय.

स्वमग्नतेला आज वर्णपट म्हटले जाते, याचा अर्थ असा की तिच्या छटा अनेक असून एखादी व्यक्ती आयुष्यभर बोलत नाही, तर दुसरी पदवी मिळवते आणि तरीही बँकेतील गर्दीत कासावीस होते. या कासावीस होण्याचे मूळ पुष्कळदा संवेदनांमध्ये असते. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी कर्णा खरखरतो, पाठोपाठ घंटा होते, शेकडो मुले एकदम वर्गाकडे धावतात आणि त्या गदारोळात एक मूल कानांवर हात दाबून खाली बसते, किंचाळते, जवळ येणाऱ्याला ढकलते. शाळेच्या नोंदीत हे ‘गैरवर्तन’ म्हणून उतरते. वास्तविक हा हट्ट नसतो. हट्टाला काहीतरी मिळवायचे असते, तर येथे आवाज, स्पर्श आणि गर्दी यांचा भार सहनशक्तीपलीकडे गेलेला असतो. अशा वेळी रागावणे किंवा हात धरून ओढणे म्हणजे त्या भारात भर घालणे. त्याऐवजी त्या मुलाला पाच मिनिटे आधी किंवा नंतर वर्गात जाऊ देणे, शांत कोपरा राखून ठेवणे आणि दिवसाचा क्रम चित्रांच्या वेळापत्रकाने आधीच दाखवणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि यांतील कशालाही मोठा खर्च येत नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलेला ‘दुहेरी सहानुभूती’चा विचार येथे फार मोलाचा ठरतो. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही असे जे मानले जाते, ते अर्धेच सत्य असून इतरांनाही तिचे मन तितकेच कळत नाही. मात्र बदलण्याची सक्ती नेहमी एकाच बाजूवर होते. नजरेला नजर भिडवण्याचा सराव मुलाकडून रोज करून घेणारे घर, नजर खाली ठेवूनच ते नीट ऐकू शकते हे क्वचितच लक्षात घेते.

नोकरीतही हेच घडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखीव ठेवल्या असून त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार आदींच्या एकत्रित गटासाठी आहे. तथापि केवळ गप्पांवर बेतलेल्या मुलाखतीत अडखळणारा उमेदवार प्रत्यक्ष काम दिल्यास ते चोख करू शकतो. ‘जरा बघून घ्या’ अशा मोघम सूचनेऐवजी काय, किती आणि कधीपर्यंत हे लिहून देणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. त्या कार्यालयातील सर्वांचेच काम त्याने सुकर होते.

पालकांना सर्वाधिक ग्रासणारी चिंता ‘आमच्यानंतर कोण?’ ही असते. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ अन्वये स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून प्रौढ अपत्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. २०१६ च्या अधिनियमाने त्यापुढे जाऊन मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली, जीत पालकाने ठरावीक बाबींपुरता आणि ठरावीक काळापुरता, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार व तिच्याबरोबर निर्णय घ्यायचा असतो. ती इच्छा कळण्याची सोय मात्र अठराव्या वर्षी अकस्मात होत नाही. आज कोणता सदरा घालायचा, पानात काय वाढायचे, सुटीत कोणाकडे जायचे हे चित्र दाखवून, खुणेने किंवा शब्दांनी विचारण्याचा आणि मिळालेला नकारही मानण्याचा रिवाज त्या घरात पाच-सहा वर्षांच्या वयापासून असावा लागतो.